नेहेते सरांचं रिंगण

स्टाफरूममध्ये नेहेते सरांच्या नावाची एक खुर्ची होती, पण तिच्यावर सर बसलेले कुणी पाहिले नव्हते. तिच्यावर पॅड असायचे. पॅडांवर ग्लोव्ह्ज, ग्लोव्ह्जवर सुतळीचा गुंडा, आणि सगळ्यांत वर खेळपट्टीवर अंथरायचं मॅटिंग जमिनीत ठोकायचे वीतभर लांबीचे खिळे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. सर चहा उभ्यानं प्यायचे. हजेरी उभ्यानं मांडायचे. मुख्याध्यापकांशी वाद घालायचा असला तर तोही दारात, एक पाय बाहेर ठेवून. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ताट वाढलं की हे ताट उचलून अंगणात जातात. मी आता अंगणातच वाढते."

मी जळगावच्या त्या शाळेत गणित शिकवायला लागले ती वर्षं आपण वर्ल्डकप जिंकल्यानंतरची. माझं माहेर धुळ्याचं, आणि माहेरी किंवा सासरी कुणाचाच क्रिकेटशी संबंध नव्हता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. सर एक दिवस माझ्या वर्गाच्या दारात आले आणि पोरांसमोरच म्हणाले, "देवरे बाई, तुमचं अक्षर बारीक आहे आणि तुम्हाला बेरीज येते. शनिवारी ग्राउंडवर या. मागच्या मॅचला चित्रकलेच्या सरांना स्कोअर लिहायला बसवलं होतं, त्यांनी अकरा पोरांत बारा आउट केले."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं तोवर सर जिन्यावर होते.

सर अंगानं किडकिडीत, उन्हानं रापलेले. कपडे पांढरे, पण त्यांवर तपकिरी डाग असायचे, केळीच्या चिकाचे. तो डाग एकदा पडला की कुठल्याच साबणानं जात नाही. असोद्याला त्यांची थोडी केळीची बाग होती. पहाटे बागेत पाणी लावायचं, मग फटफटीवरून शाळा, शाळा सुटली की ग्राउंड, असा त्यांचा दिवस. गळ्यात शिट्टी असायची, ती वाजवायचे नाहीत. म्हणायचे, शिट्टीला पोरं थांबतात, आपल्याला पळवायचीत. पोरांशी बोलताना गावची बोली यायची. "उभं राह्यतं ते झाड. तू झाड हाये का?" हे रोजचं. मागं राहून बॉलची वाट बघणाऱ्याला वेगळं ऐकावं लागे. "बॉल काय जावई हाये, दारात उभं राहून वाट पाह्यला? सामोरं जा त्याले."

तेव्हा आमच्या भागात शाळेची पोरं रबरी बॉलवर खेळायची. खरा बॉल, ज्याला सगळे सीझन बॉल म्हणत, तो मोठ्या शहरांतल्या शाळांत. सरांच्या डोक्यात बसलं की आपल्या पोरांनी खऱ्या बॉलवर खेळलं पाहिजे आणि आपल्याआपल्यात नाही, जळगाव-धुळ्यातल्या शाळाशाळांत. त्यांनी ते कुणाला विचारलं नाही. फटफटी काढली आणि गावोगाव हेडमास्तरांना गाठत सुटले.

जामनेरच्या हेडमास्तरांची गोष्ट आमच्याकडे बरीच वर्षं सांगितली जायची. त्यांनी सरांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं आणि स्वतः कामात गढले. सरांना बसवेना. ते शाळेच्या पटांगणात गेले. मधल्या सुट्टीत पोरं होतीच. पिशवीतून बॉल काढला आणि झेल द्यायला लागले. सुट्टी संपल्याची घंटा झाली ती कुणाला ऐकू आली नाही. हेडमास्तर संतापून बाहेर आले. त्यांनी आवाज चढवला तेवढ्यात एक उंच झेल पोरांच्या डोक्यांवरून थेट त्यांच्याकडे गेला, आणि त्या गृहस्थांनी दोन्ही हात पुढं करून तो घेतला. मग ते बराच वेळ स्वतःचे लाल झालेले तळवे पाहत राहिले. म्हणाले, "लागतो हो फार." सर म्हणाले, "पण घेतला की तुम्ही." त्या वर्षी जामनेरची टीम आली.

स्पर्धा सरांचीच आणि आमच्या टीमचे कोचही सरच, म्हणून लोक बोलणारच. ते बोलू नयेत म्हणून सर आमच्याच पोरांवर जास्त कडक. दुसऱ्या वर्षी फायनलला आमचा मुख्य बॅट्समन रनआउट झाला, पण पंचांच्या डोळ्यांत धूळ गेली होती, त्यांनी बोट वर केलं नाही. सर बाउंडरीवरून ओरडले, "आउट हाये तो. निघ रे." पोरगा रडत निघाला. आम्ही हरलो. पोरं एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून बसली होती आणि सर मॅटिंगचे खिळे उपसत होते. मी जवळ गेले तर मान वर न करता म्हणाले, "आज नाही निघाला तर उद्या कुणीच निघणार नाही, बाई."

त्याच्या पुढच्या वर्षी गोकुळ टीममध्ये आला.

गोकुळ असोद्याचाच, सरांच्या गल्लीतला. त्याचे वडील एकनाथभाऊ दुसऱ्यांच्या बागांत केळीचे घड कापायला जायचे. गोकुळ आमच्या शाळेत आठवीत होता, बुटका, काटक, आणि हात असे चपळ की वर्गात डासही त्याच्या मुठीतून सुटायचा नाही. सरांनी त्याला हेरलं आणि एका रविवारी एकनाथभाऊंकडे गेले. त्या दिवशी मीही असोद्याला एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते, परतताना सरांनी मलाही सोबत घेतलं, कारण बाईमाणूस सोबत असलं की बापाला नाही म्हणता येत नाही.

एकनाथभाऊ कोयता घासत होते. म्हणाले, "दिवसभर उन्हात उभं राहून पोरगं काय शिकते, भास्कर?"

"थांबायचं शिकते," सर म्हणाले.

एकनाथभाऊंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. सर तेव्हाही अंगणात येरझाऱ्याच घालत होते. "तुले येते का ते?"

मला हसू आवरलं नाही. सरही हसले. मग एकनाथभाऊंनी कोयता बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ने त्याले. तुह्या भरोशावर देतो."

सरांनी गोकुळला बॅट्समनच्या अगदी पुढ्यात उभं करायला सुरुवात केली. दोन हात लांब केले तर बॅटला लागतील इतकं जवळ. तिथं उभं राहायला छाती लागते, कारण बॅट्समननं जोरात फटका मारला तर हलायलाही वेळ मिळत नाही. हेल्मेट आम्ही फक्त फोटोत पाहिलेलं. पण गोकुळ तिथं वाकून उभा राहिला की समोरच्या बॅट्समनचं लक्ष बॉलवरून उडायचं. त्या वर्षी त्यानं घेतलेले झेल पाहायला शाळेच्या गेटबाहेर सायकली लागायच्या.

चौथ्या वर्षी धुळ्याच्या शाळांनी म्हटलं, एक सेमीफायनल आमच्याकडे होऊ द्या. त्यांचे बोरसे सर पुढाकार घेणारे होते. ग्राउंड होतं, मॅटिंग नव्हतं. तेव्हा आमचं मॅटिंग एसटीच्या टपावर टाकून न्यायचं ठरलं. काथ्याची ती लांबलचक चटई गुंडाळली की माणसाच्या उंचीपेक्षा मोठी वळकटी व्हायची. वाटेतली धूळ बसू नये म्हणून शिपायानं तिला पांढरी चादर गुंडाळली आणि सुतळीनं जागोजागी बांधली.

एरंडोलच्या स्टँडवर बस थांबली. सर बसमध्ये टिकणार कसे, ते खाली उतरून दोऱ्या घट्ट आहेत का पाहत होते. मी खिडकीत होते. एक म्हातारा बाकावरून उठला, टपाकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. मग सरांजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "कोन गयं, भाऊ?"

सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "अजून कोणी नाही, आबा. दुपारपर्यंत कळेल."

सगळी बस हसली. पोरं तर सीटांवर लोळली. मीही हसले. म्हातारा हसला नाही. त्यानं टोपी परत डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "आसं बोलू नही, भाऊ."

धुळ्यात ग्राउंडला तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला रस्ता होता. रस्त्यावर टेम्पो, हातगाड्या थांबवून लोक मॅच पाहत होते. आमची बॅटिंग झाली, धावा बऱ्यापैकी झाल्या. जेवणानंतर धुळ्याची पोरं खेळायला आली. त्यांचा एक दांडगा बॅट्समन टिकून राहिला. तो बाद होईना आणि सरांचे पाय थांबेनात. बाउंडरीच्या दोरीलगत ते नुसते इकडून तिकडे. मी स्कोअरच्या टेबलापाशी होते, मला सरही दिसत होते आणि गोकुळही.

गोकुळ नेहमीच्या जागी वाकून उभा होता. सरांनी लांबून तळहात हलवला. आत ये. गोकुळनं त्यांच्याकडे पाहिलं आणि एक पाऊल आत टाकलं.

पुढच्याच बॉलवर त्या पोरानं फटका घुमवला. आवाज एकच झाला, म्हणजे मला बॅटचा आणि दुसरा वेगळे ऐकू आले नाहीत. गोकुळ पडला नाही. दमल्यासारखा खाली बसला. त्यानं डावा हात कानावर ठेवला, आणि मग हळूहळू त्याच बाजूला कलंडला. कानातून रक्त आलं ते नंतर.

सर तिथवर कसे पोचले ते मी पाहिलं नाही, मी पाहिलं तेव्हा गोकुळ त्यांच्या हातांवर होता आणि ते रस्त्याकडे धावत होते. रस्त्यावर इस्माईलभाई म्हणून एका टेम्पोवाल्याचा टेम्पो उभा होता, मिरचीच्या पोत्यांनी भरलेला. ते मॅच पाहत टेम्पोच्या टपावर बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही. उडी मारली, फाळका पाडला आणि पोती रस्त्यावर ढकलायला लागले. एक पोतं फुटलं, मिरची रस्ताभर झाली. "बैठो मास्तर, लडके को सीधा रखो," एवढंच म्हणाले. मी मागं चढले. सगळ्यांचे डोळे वाहत होते, मिरचीनं की कशानं ते कुणी पाहत नव्हतं.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हाडाला चीर आहे, आत काय झालंय ते लगेच सांगता येणार नाही, वाट पाहा. ही वाट पाहण्याची गोष्ट सरांना सांगणं म्हणजे काय ते त्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. त्या लांब व्हरांड्यात सर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. मी माहेरी निरोप धाडला, घरून चहा आला, तो गार झाला. बोरसे सर पोरांना घेऊन आले. त्यांतला तो दांडगा बॅट्समन एका खांबाला टेकून रडत होता. सर चालता चालता त्याच्यापाशी थांबले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू बरोबर मारला." पुन्हा चालायला लागले.

दिवेलागणीच्या बसनं एकनाथभाऊ आले. अंगावर बागेतलेच कपडे. व्हरांड्याच्या तोंडाशी दोघं समोरासमोर आले. मला वाटलं, आता काय होतं.

सर म्हणाले, "मीच त्याले आत बोलावलं, भाऊ. तो बरोबर उभा होता."

 एकनाथभाऊ आत जाऊन मुलाला पाहून आले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. सर अजून चालतच होते. एकनाथभाऊंनी त्यांचा दंड धरला.

"तू आधी बस."

"भाऊ, मी..."

"बस, भास्कर."

आणि सर बसले. भिंतीला पाठ लावून, खाली फरशीवर. त्यांच्या शेजारी एकनाथभाऊ बसले.  इतक्या वर्षांत मी सरांना बसलेलं पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा, आणि मला ते पाहवलं नाही. मी दुसरीकडे तोंड केलं.

गोकुळ वाचला. काही दिवसांनी तो डोळे उघडून बोलायला लागला, महिनाभरात घरी गेला. डाव्या कानानं मात्र त्याला पुढं कधी ऐकू आलं नाही.

त्यानंतरचं वर्ष मला शाळेतलं सगळ्यांत वाईट वर्ष म्हणून आठवतं. सरांनी स्पर्धा बंद केली. कुणी सांगितलं नव्हतं. संस्थेतले लोक बोलण्याआधीच त्यांनी मॅटिंग प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत टाकलं आणि कुलूप लावलं. आणि मग ते स्टाफरूममध्ये येऊन बसायला लागले. पॅड खुर्चीवरून कधी हलले कुणास ठाऊक. कवायतीचा तास घेऊन यायचे, खुर्चीवर बसायचे, पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत बसायचे. मुख्याध्यापक मला म्हणाले, "नेहेते आता शांत झालेत." ते टेबलाच्या त्या बाजूला बसत, त्यांना खालचं दिसत नव्हतं. मला दिसायचं. सरांचा उजवा पाय टेबलाखाली सतत हलत असायचा, शिवणयंत्रावर बसल्यासारखा. बाहेर पोरं रबरी बॉलनं खेळत, खिडकीतून त्यांचा आरडाओरडा यायचा, आणि सर त्या बाजूला मान वळवत नसत.

एकदा मी म्हटलं, "सर, त्या एरंडोलच्या म्हाताऱ्याचं मनाला लावून घेऊ नका. थट्टा होती ती."

ते म्हणाले, "थट्टेचं नाही, बाई. तो म्हातारा बरोबर बोलला म्हणून नाही. पोरगं बरोबर जागी उभं होतं. मला एक आउट पाहिजे होता, मला थांबता आलं नाही." मग म्हणाले, "मी एकनाथभाऊला सांगितलं होतं, तुझ्या पोराला थांबायचं शिकवतो."

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मधल्या सुट्टीत गोकुळ स्टाफरूमच्या दारात आला. आता दहावीत होता, उंची वाढली होती. मी वह्या तपासत होते, सर खुर्चीवर.

"सर, ग्राउंडवर मुरूम कधी टाकायचा?"

सर खाली पाहत काहीतरी पुटपुटले.

गोकुळ म्हणाला, "सर, त्या बाजूनं मला ऐकू येत नाही. इकडून बोला."

खोलीत आम्ही तिघंच होतो.  सर उठले, खुर्चीला वळसा घातला आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. "तू अभ्यास कर म्हटलं. दहावी आहे."

"करतो. बाबांनी विचारायला लावलं. म्हणे, भास्करभाऊ पोरांना का बोलावत नाही, विचार. माझ्यामुळं बाकीच्यांचं कशाला बंद?" मग तो एका दमात म्हणाला, "आणि सर, तुम्ही हात केला ना, तेव्हा मी निघालोच होतो. मलाच आत यायचं होतं. तुम्ही हात नसता केला तरी आलो असतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं. गोकुळनं आधी सरांकडे पाहिलं आणि मग पाऊल टाकलं, हे पाहणारी मी होते, आणि सरांना ते ठाऊक होतं.

गोकुळ गेल्यावर सर दारातच उभे होते.

"पोरगं खोटं बोलतं, देवरे बाई."

"हो, सर."

"चांगलं बोलतं."

त्याच संध्याकाळी मॅटिंग उन्हं उतरायच्या आत बाहेर काढून झटकलं गेलं.

स्पर्धा पुन्हा सुरू झाली, पण एका नव्या नियमासकट. सरांनी बॅट्समनभोवती फक्कीचं रिंगण आखलं. फक्की म्हणजे ग्राउंडवर रेघा मारायची ती पांढरी पूड. रिंगणाच्या आत विकेटकीपर सोडून कुणीही उभं राहायचं नाही, कुठल्याही टीमचा असो. बाहेरच्या शाळांचे सर हसले. एकानं विचारलं, "हा नियम कुठल्या पुस्तकात आहे, नेहेते?"

सर फक्की मारतच म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्यानं एकनाथभाऊचं तोंड पाहिलेलं नाही."

ज्याला पटत नाही त्यानं टीम परत न्यावी, असंही ते म्हणाले. एका शाळेनं खरंच नेली. सरांनी त्यांच्या बसपाशी जाऊन पोरांना केळी दिली आणि परत येऊन दुसरी मॅच सुरू केली.

स्वतः मात्र आता मॅच बघत नसत. टॉस झाला की ग्राउंडकडे पाठ करून बाउंडरीभोवती चालायला लागायचे. माझ्या टेबलापाशी आले की विचारायचे, "काय झालं?" मी सांगायचे. तेवढ्यावर पुढचा फेरा. चेंडू कुणाच्या जवळून गेला आणि पोरं ओरडली की चालता चालता त्यांचे खांदे वर यायचे, पण वळायचे नाहीत.

गोकुळला आता ते लांब, कडेला उभं करत. बॅटिंग मात्र तो करायचा. अडचण अशी की धाव घेताना साथीदारानं हाक मारली की ती कधी ऐकू यायची, कधी नाही. सरांनी त्याला आणि बाकी पोरांना हाकच बंद करायला लावली. धावायचं असेल तर बॅट उभी वर करायची, नसेल तर आडवी. महिनाभर संध्याकाळी तोंडाला कुलूप लावल्यासारखी पोरं नुसती धावत होती आणि थांबत होती.

फायनल जळगावला, धुळ्याच्याच टीमशी. शेवटी आमची शेवटची जोडी उरली, गोकुळ आणि एक लहानखुरा पोरगा. थोड्या धावा हव्या होत्या. गोकुळ सुंदर खेळत होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा स्कोअर लिहायला विसरले. सर फेरा घालून टेबलापाशी आले, "काय झालं?" "चार हव्यात, सर." ते पुढं गेले.

गोकुळनं बॉल ढकलला आणि निघाला. समोरचा पोरगा घाबरला. महिनाभराचं सगळं विसरला, बॅट वर ना आडवी, नुसता तोंडानं ओरडला, "नको, नको." तो गोकुळच्या डाव्या बाजूला होता. गोकुळ अर्ध्यापर्यंत आल्यावर त्याला कळलं. परतायला वेळ नव्हता. बोरसे सरांच्या पोरांनी बेल्स उडवल्या.

ग्राउंडवर एकदम गप्प झालं. त्या शांततेनं सर वळले. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्यापासून मॅच चालू असताना त्यांनी मैदानाकडे तोंड केलं ते तेव्हा पहिल्यांदा.

मला भीती वाटली, गोकुळ त्या लहान पोराला काय बोलतो. तो त्याच्याजवळ गेला, त्याची बॅट हातात घेतली, ती उभी वर धरून दाखवली, मग आडवी धरून दाखवली, आणि हसला. पोरगा रडत रडत हसला. दोघं बरोबर बाहेर आले. सर मैदानात गेले आणि गोकुळच्या उजव्या बाजूनं चालू लागले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बोरसे सर माझ्या टेबलापाशी येऊन आपल्या बोलीत म्हणाले, "आम्हीन जिकनूत, पण खेळ त्या पोऱ्याना शे."

पुढं माझी बदली धुळ्याला झाली. सर निवृत्त झाले असं ऐकलं. स्पर्धा बोरसे सरांनी आणि आणखी एकदोघांनी काही वर्षं चालवली, मग शाळाशाळांत हेल्मेट आली, मोठ्या संघटनेच्या स्पर्धा आल्या, ही मागं पडली. फक्कीचं रिंगण पुढं कुणी आखलं नाही. एका अर्थी त्याची गरजही राहिली नाही.

शेवटचं पाहिलं ते असं. थंडीचे दिवस होते. जळगावला पेपर तपासायला गेले होते, एक दिवस काम लवकर संपलं म्हणून असोद्याला गेले. गोकुळ आता स्वतः केळी करत होता. थोडी जमीन वाट्यानं घेतलेली, दारात मोटारसायकल, घरात बायको, कडेवर लहान मुलगी. एकनाथभाऊ ओट्यावर बसले होते, त्यांनी मला ओळखलं. चहा झाला. मी आपसूक गोकुळच्या उजव्या बाजूला बसले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"सर कुठं असतात?" मी विचारलं.

"इथंच," गोकुळ म्हणाला. "सकाळी आमच्याकडे, मग बागेत, मग कुठं ते सांगता येत नाही. येतील, बसा."

मी बसले. वहिनींना भेटून आले, त्याही म्हणाल्या, येतील, बसा. एसटीची वेळ झाली तरी सर आले नाहीत. गोकुळ स्टँडपर्यंत सोडायला आला. मी खिडकीत बसले, बस निघाली.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एक कापणी झालेलं मोकळं शेत होतं आणि त्याला लागून केळीची दाट बाग. त्या मोकळ्या तुकड्यात लहान पोरं खेळत होती, मुलीही होत्या दोनतीन. मधे पांढऱ्या कपड्यांतला एक वाकलेला माणूस बॉल टाकत होता. मी ओळखलं. खिडकीची काच वर सरकवायला लागले, ती अडकली होती. एका मुलीनं फटका मारला, बॉल बागेत गेला. पोरं जागीच थांबली, कारण आत ओल होती आणि चिखल असावा. सर थांबले नाहीत. तसेच बागेत शिरले. पानं त्यांच्या मागं मिटली.

बस पुढं थांबून समोरून येणाऱ्या केळीच्या ट्रकला वाट देत होती. मला सर दिसत नव्हते, पण आत ते कुठं आहेत ते कळत होतं. आधी एका खोडाची पानं हलली, मग तिसऱ्या रांगेतली, मग खूप आतली. पोरं बाहेरून ओरडून सांगत होती, इकडं, सर, इकडं. पानं त्या बाजूला हलली. मग आणखी लांब. ट्रक गेला, बसनं वळण घेतलं, तेव्हाही ती हलत होती.